पाच तारे नेमकं काय मोजतात?

सुट्टीत वाशिमला गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "तू सायन्सवाला, सांग बरं, फाइव्ह स्टार गाडी घेतली तर समृद्धीवर टेन्शन नाही ना?" माझं उत्तर: गाडी जरूर घ्या, पण तारा कशासाठी मिळाला ते आधी बघा. कुठलंही मापन कसं वाचायचं याचा हा चांगला सराव आहे.

आधी श्रेय देऊ. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' सुरू झालं. प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण जाहीर होतात. गाड्यांची तुलना आता आकड्यांवर करता येते, ही मोठी गोष्ट आहे.

आता मर्यादा. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने, पुढच्या भागाच्या ४० टक्के रुंदीवर, दबणाऱ्या अडथळ्याला आदळते. समृद्धीवर कारची वेगमर्यादा १२०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे ऊर्जा दुप्पट नाही, जवळपास साडेतीन पट. ब्रेक लागला तर वेग उतरतो हे खरं, पण डुलकी लागलेला ड्रायव्हर ब्रेक मारत नाही.

दुसरं, अडथळ्याचा आकार. चाचणीत धडक बंपरच्या उंचीवर बसते, त्यामुळे बॉनेटखालचा भाग चुरगळून ऊर्जा शोषतो. उभ्या ट्रकला मागून धडक बसली तर बॉनेट ट्रकखाली घुसू शकतं आणि थेट काचेवर मार बसतो. ज्या भागाने गुण मिळवून दिले, तो कामालाच येत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात खटकतो: मागची सीट. या धडकेत प्रौढ पुतळे पुढे बसतात; मागे असतात चाइल्ड सीटमध्ये बांधलेले दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे. आपल्याकडे मागे तिघे-चौघे, बेल्ट सीटखाली गेलेला, लेकरू आईच्या मांडीवर. ताशी ६४ किमीवरून ०.१ सेकंदात गाडी थांबली, तर दहा किलोचं मूल हातात धरायला साधारण १८० किलो वजन उचलण्याएवढा जोर लागेल. कोणत्या आईच्या हातात तो असतो? या अवस्थेची चाचणीच होत नाही, म्हणून ताऱ्याला तिच्याबद्दल काही बोलता येत नाही.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. एका घटनेवरून नियम सिद्ध होत नाही, हे रिसर्च करणाऱ्याने विसरू नये. पण बेल्ट नसलेलं शरीर गाडी थांबल्यावरही जुन्याच वेगाने पुढे जातं, हे सिद्ध करायला अपघाताची गरज नाही. न्यूटनचा पहिला नियम पुरेसा आहे.

म्हणून माझी तक्रार चाचणीवर कमी आणि तिच्या सादरीकरणावर जास्त आहे. गुणसंख्या आणि कितीतरी अटी ताऱ्यांत दाबल्या, की जाहिरातीत अटी गळतात आणि तारे उरतात. पेपर वाचतानाही हेच होतं: आपण निष्कर्ष वाचतो आणि 'पद्धती'चा भाग उडवतो.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा विचारा: काय मोजलं, कुणावर, कोणत्या परिस्थितीत, आणि कोण मोजायचं राहिलं? आणि शेलूबाजारहून समृद्धीवर चढताना मागच्या सीटचा बेल्ट आधी बाहेर काढा.