सपाट दिसण्यासाठी वापरलेली त्रिमिती

मारामारीच्या संगणकीय खेळांकडे शिक्षक सहसा कपाळाला आठ्या घालूनच पाहतात. त्यांतील एका मालिकेचे चित्रांकन मात्र भूमिती आणि प्रकाश शिकवणाऱ्यांनी जरूर पाहावे, असे आम्हाला वाटते.

जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सची ‘गिल्टी गिअर’ ही मालिका १९९८ साली सुरू झाली. तिच्यातील पात्रे हाताने काढलेली, सपाट होती. ‘स्ट्रीट फायटर’ने १९९६ साली ‘ईएक्स’मध्ये आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने १९९७ साली चौथ्या भागात त्रिमितीय पात्रे आणली, पण ती ठोकळ्यांची वाटत. ‘गिल्टी गिअर’च्या लढती २०१४ साली ‘एक्झर्ड’ या भागात त्रिमितीय झाल्या, आणि तरीही चित्र हाताने काढल्यासारखेच दिसले. हे कसे साधले?

त्रिमितीय पात्र म्हणजे हजारो लहान त्रिकोणांचे जाळे. त्याच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी पृष्ठभागाच्या लंबाची दिशा नोंदलेली असते. हा लंब आणि प्रकाशाची दिशा यांतील कोन जितका लहान, तितका तो भाग उजळ. शाईच्या चित्रात मात्र दोनच छटा हव्या असतात: उजेड आणि सावली. संगणकाला तसे सांगितले, तर गणित बरोबर येते, पण गालावर, नाकापाशी सावलीचे ओबडधोबड डाग पडतात. म्हणून येथील कलाकारांनी लंबांच्या दिशा हाताने बदलल्या आणि प्रत्येक पात्राला त्याचा स्वतंत्र प्रकाश दिला. बाह्यरेषेसाठी पात्राची किंचित मोठी काळी प्रत घेऊन तिची फक्त आतली बाजू दाखवली. कडेने डोकावणारा काळा भाग रेघेसारखा दिसतो.

हालचालींचेही तसेच. दोन मुद्रांमधील स्थिती संगणक आपोआप भरू शकतो. येथे ती सोय नाकारली आहे. एक मुद्रा क्षणभर थांबते आणि थेट पुढची येते. त्यामुळे ठोसा वजनदार वाटतो.

निर्णायक फटक्याच्या वेळी कॅमेरा पात्राभोवती फिरतो आणि सपाट भासलेल्या चित्राला पाठही आहे हे कळते, तो क्षण आम्हाला सर्वांत आवडला. कथाभाग मात्र फसला आहे. तो खेळायचा नसून नुसता पाहायचा आहे, आणि लढतीत शोभणारे थबकणे लांबलचक संभाषणात कंटाळवाणे होते.

‘संगणकाने काढले म्हणजे बरोबरच’ असे मुले सहज म्हणतात. त्यांच्यापुढे हे उदाहरण ठेवावे. अंधाऱ्या खोलीत चेंडूवर विजेरीचा झोत टाकून उजेड कसा हळूहळू कमी होतो ते पाहू द्यावे. मग तोच चेंडू दोनच छटांत काढायला सांगावे. सावलीची सीमा कोठे आखायची, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.