सत्तर टक्के वेग आला कुठून? बिटटोरेंटवरच्या एका गाजलेल्या पेपरचं वाचन



पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी पहिल्यांदा पेपर सादर केला. वीस मिनिटांचं सादरीकरण होतं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "डाउनलोड ७० टक्के जलद". माझ्या गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "वेग वाढला ते ठीक. पण तो आला कुठून?" मला उत्तर देता आलं नाही. पेपर वाचला नव्हता असं नाही, पण वाचला होता तो गोषवारा आणि दोन आलेख.

तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या मुलाखतीची तयारी करताय. तिथे "अलीकडे वाचलेला एक पेपर सांगा" असं विचारतात आणि बहुतेक जण माझ्यासारखाच आकडा सांगून मोकळे होतात. म्हणून आज तोच पेपर पुन्हा वाचू. या वेळी मॅडमचा प्रश्न समोर ठेवून.

आधी मूळ दावा

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट लिहिलं आणि २००३ मध्ये बर्कलीच्या एका कार्यशाळेत त्यावर छोटासा पेपर मांडला. शीर्षक होतं "इन्सेंटिव्हज बिल्ड रोबस्टनेस इन बिटटोरेंट". कल्पना साधी आहे. मोठ्या फाइलचे तुकडे करायचे (साधारण २५६ केबीचे), आणि जो डाउनलोड करतोय त्यानेच आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना द्यायचे. एक फाइल वाटून घेणाऱ्या सगळ्यांचा मिळून स्वार्म. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो अजून वाटतोय, तो सीड.

पण फुकट्यांचं काय? घ्यायचं सगळं, द्यायचं काहीच नाही, असा माणूस प्रत्येक गावात असतो. शेतकरी घरातल्या मुलांना कोहेनचा उपाय लगेच कळेल, कारण ही आपली सावड आहे. तू माझ्या रानात ये, मी तुझ्या रानात येतो. क्लायंट एका वेळी थोड्याच जणांना तुकडे देतो (कोहेनच्या पेपरात मूळ संख्या चार), आणि दर १० सेकंदांनी हिशोब करतो: मला सगळ्यात जास्त वेगाने कोण देतंय? त्यांना द्यायचं, बाकीच्यांना थांबवायचं. शिवाय दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्या माणसाला आधी काही न मागता देऊन बघायचं. नाहीतर सावड सुरूच कशी होणार?

कोहेनचा पुरावा काय होता? हे चालतंय, हाच. शेकडो एमबीच्या फाइली शेकडो लोक एकाच वेळी उतरवत होते. सगळ्यात मोठ्या स्वार्ममध्ये हजाराच्या वर माणसं होती. पण ते सावडीमुळे चालतंय की दुसऱ्या कशामुळे, हे वेगळं काढणारा प्रयोग त्या पेपरात नाही. ही फट लक्षात ठेवा.

प्रश्नचिन्हाचा पेपर

२००७ मध्ये एनएसडीआय परिषदेत पियाटेक, इस्डाल, अँडरसन, कृष्णमूर्ती आणि वेंकटरमणी यांनी कोहेनचंच शीर्षक घेतलं, त्याचा प्रश्न केला आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावलं: "डू इन्सेंटिव्हज बिल्ड रोबस्टनेस इन बिटटोरेंट?" एका चिन्हात अख्खा वाद आला. शीर्षक असं जमलं की निम्मं काम होतं.

त्यांचं निरीक्षण असं. तुमचा अपलोड वेग सेकंदाला १२८ केबी आहे आणि तुम्ही चौघांना देताय. क्लायंट समान वाटणी करतो, प्रत्येकी ३२. आता समजा, त्यातल्या एकाच्या यादीत टिकायला १५ पुरे होते. मग वरचे १७ तुम्ही उगाच दिले. त्या १७ बदल्यात तो तुम्हाला जास्त वेग देणार नाही, कारण तोही आपली समान वाटणीच करतोय. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.) पेपर या जादा देण्याला परोपकार म्हणतो, आणि प्रत्यक्ष स्वार्मच्या मोजमापांवरून दाखवतो की वेगवान जोडणीवाले असा परोपकार भरपूर करतात, तेही नकळत.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोहेन म्हणाला ही सावड आहे. हे पाच जण म्हणतात, नीट बघा, यातला मोठा भाग इर्जिक आहे. बैलजोडीवाला येतो, दिवसभर नांगरतो, जेवून घरी जातो, दिवसाला दिवस असा काटेकोर हिशोब कोणी ठेवत नाही. माझ्या मते पेपरचं खरं योगदान हेच आहे, ७० टक्के नव्हे.

मग त्यांनी बिटटायरंट नावाचा क्लायंट बनवला. तो प्रत्येक जोडीदारासाठी दोन अंदाज ठेवतो: याला किमान किती दिलं की हा परत देतो, आणि दिला तर किती देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं, ज्याचं गुणोत्तर मोठं त्याला आधी द्यायचं, आपली क्षमता संपेपर्यंत. एखादा सलग तीन फेऱ्या देत राहिला तर त्याचा वाटा १० टक्क्यांनी कमी करून बघायचा. देणं थांबवलं तर २० टक्क्यांनी वाढवायचा. बाजारात भाजी घेताना आपण नेमकं हेच करतो.

माझी पहिली चूक: ७० टक्के म्हणजे काय?

गोषवाऱ्यात लिहिलंय की १ एमबिट क्लायंटला मध्यक ७० टक्के फायदा झाला. मी स्लाइड बदलताना बोलून गेलो, "म्हणजे १० तासांचं काम ३ तासांत." साफ चूक. लेखकांनी दोन वेळांचं गुणोत्तर मोजलंय: साध्या क्लायंटला लागलेला वेळ भागिले बिटटायरंटला लागलेला वेळ. ते १.७ आलं. म्हणजे १० तासांच्या जागी साधारण ५ तास ५३ मिनिटं. वाचलेला वेळ ४१ टक्के. हेही चांगलंच आहे, पण ७० नव्हे. वेग आणि वेळ यांचे टक्के एक नसतात, हे आपण शाळेत शिकलोय आणि पेपर वाचताना विसरतो.

दुसरी चूक: कुणासाठी, कुठे?

हा आकडा ११४ खऱ्या स्वार्मवरचा आहे, तुलना अझ्युरियस या एका क्लायंटशी आहे, आणि स्वार्म लोकप्रिय टोरेंट-सूचींवरून निवडलेले आहेत. इथे मी पेपरला पहिला आक्षेप घेईन. लोकप्रिय स्वार्ममध्ये माणसं भरपूर, त्यात वेगवान आणि उदार माणसंही भरपूर. बिटटायरंटला निवड करायला वाव मिळतो, कारण निवडायला लोक आहेत.

आता तुमची अडचण आठवा. प्रबंधासाठी एखादा जुना डेटासेट हवाय, टोरेंटवर दोन सीड आहेत आणि आकडा ४० केबीवर अडकलाय. तिथे हे गुणोत्तर काय करणार? सीडला तुमच्याकडून काहीच नको असतं, त्याच्याशी सौदा होत नाही. जो डाउनलोड सगळ्यात रडत चालतो, नेमका तोच या पेपरच्या कक्षेबाहेर आहे. लेखकांनी तसा दावा केलेला नाही हे खरं, पण गोषवाऱ्यातला आकडा एकटा फिरतो, अटी मागे राहतात.

तिसरी चूक: अर्ध्यावर थांबलो

पेपरचा उत्तरार्ध मी चाळला होता. खरी गोष्ट तिथेच आहे. लेखक विचारतात, हा क्लायंट सगळ्यांनीच वापरला तर? त्यासाठी त्यांनी प्लॅनेटलॅबच्या ३५० यंत्रांवर प्रयोग केला. उत्तर दुहेरी आलं. सगळे चतुर, पण उरलेली क्षमता तरीही वाटून टाकणारे असले, तर एकूण कामगिरी सुधारते. सगळे चतुर आणि स्वार्थी, म्हणजे परतावा मिळत नाही ती क्षमता दाबून ठेवणारे असले, तर सरासरी कामगिरी आजच्यापेक्षा घसरते.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. एकट्या बिटटायरंटचा जादा वेग मुख्यतः इतरांच्या नकळत परोपकारातून आला. तो हवेतून निर्माण झाला नव्हता. सगळ्यांनी हात आखडता घेतला तर घ्यायला काही उरतच नाही. लेखकांनी हे स्वतः मोजून छापलं, आपल्याच आकड्याची मर्यादा दाखवली. यासाठी मला हा पेपर आवडतो.

तरी इथेही एक आक्षेप आहे. त्या प्रयोगातली फाइल ५ एमबीची होती आणि सगळी यंत्रं एकदमच स्वार्ममध्ये शिरली. बिटटायरंट शिकतो १० सेकंदांच्या फेऱ्यांमधून. एवढ्या लहान फाइलीत बराचसा काळ सुरुवातीच्या जुळवाजुळवीतच जातो, जिथे कुणाकडे देण्याजोगे तुकडे फारसे नसतात. मोठ्या फाइलीवर आणि हळूहळू येणाऱ्या गर्दीत चित्र तसंच राहील का? एका चांगल्या एमएस्सी प्रकल्पाचा हा प्रश्न आहे.

वादातले बाकीचे आवाज

एक पेपर एकटा वाचू नका, त्याच्या शेजारचे वाचा. २००६ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने बिटथीफ बनवला. तो काहीच अपलोड करत नाही आणि तरीही फाइल पूर्ण मिळवतो. म्हणजे सावडीला भगदाड आहे. त्याच वर्षी लेगू आणि सहकाऱ्यांनी "रेअरेस्ट फर्स्ट अँड चोक अल्गोरिदम्स आर इनफ" असं ठासून लिहिलं: दुर्मिळ तुकडा आधी घेणं आणि कोहेनची निवडपद्धत एवढं पुरे आहे. २००८ मध्ये लेव्हिन आणि सहकारी म्हणाले, ही जशास तशी पद्धत नाहीच, हा लिलाव आहे. ज्याने जेवढं दिलं त्या प्रमाणात त्याला द्या, म्हणजे चतुराईचा फायदा कमी होईल.

मग खरं कोण? माझं मत असं की भांडण बरंचसं "मजबूत" या शब्दावर आहे. कोहेनला म्हणायचं होतं की यंत्रणा कोसळत नाही आणि क्षमता वाया जात नाही. पियाटेक आणि मंडळींना म्हणायचं होतं की लबाडाला फायदा होता कामा नये. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण एक नाहीत. २००७ च्या पेपरने हा फरक पहिल्याच पानावर स्पष्ट मांडायला हवा होता. बिटटायरंट सगळ्यांसाठी खुला केला, तरी टोरेंट बुडालं नाही. लिनक्सच्या आयएसओ आजही त्यावरून मिळतात. लबाडी शक्य असली तरी बहुतेक लोक सेटिंगला हात लावत नाहीत. ही सवयसुद्धा मजबुतीच आहे, आणि ती कुठल्याच समीकरणात नाही.

मग वेग वाढवायचा कसा?

आता जरा कबुली. होस्टेलवर असताना एक मोठा डेटासेट उतरवायला मी अपलोडची मर्यादा अगदी तळाला आणून ठेवली होती. वाटलं, सगळी लाइन डाउनलोडला मिळेल. वेग आणखी पडला. तुम्हाला आता कारण माहीत आहे: मी कुणाच्याच पहिल्या चारांत बसत नव्हतो. मग चिडून मर्यादा पूर्ण काढली, तेव्हाही पडला, आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राचा व्हिडिओ कॉल तुटायला लागला. अपलोडची अरुंद वाट गच्च भरली की "तुकडा मिळाला" ही पोचसुद्धा रांगेत अडकते, आणि पोच उशिरा गेली की पलीकडचा पाठवणंच मंदावतो. म्हणून मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खाली ठेवायची असते.

हीच गोष्ट आपोआप व्हावी म्हणून लेडबॅट आलं. २०१२ च्या आरएफसी ६८१७ मध्ये ते लिहिलंय: रांगेतला विलंब १०० मिलिसेकंदांच्या वर जायला लागला की स्वतःच मागे सरायचं. या दोन उपायांची तुलना करा. बिटटायरंटचा वेग मुख्यतः दुसऱ्याच्या खिशातून येतो. लेडबॅटने वाचवलेला वेळ फुकट चाललेल्या रांगेतून येतो, आणि त्यात शेजाऱ्याचाही फायदा होतो. दोन्ही पेपरांत "सुधारणा" हाच शब्द असेल, पण जात वेगळी आहे.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल, मग तो नेटवर्कचा असो, बियाण्याचा असो की बॅटरीचा, तेव्हा समासात तीन ओळी लिहा. आकडा नेमका कशाचा आहे? कोणत्या अटीत मिळाला? आणि तो फायदा वाया जाणाऱ्या गोष्टीतून आला की दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून? तिसऱ्या ओळीचं उत्तर सापडेपर्यंत स्लाइड बनवायला घेऊ नका.

तो डेटासेट शेवटी उतरला. त्यानंतर आठवडाभर मी मशीन बंद केलं नाही, सीड करत राहिलो. माझ्याआधी कुणीतरी तेच केलं होतं म्हणून तर मला मिळाला.