ड्रेडला शिट्ट्या कोण मारतं?

सोहारमध्ये शुक्रवारी जमणाऱ्या आमच्या मंडळींत 'जज ड्रेड'वरून दोन तट पडलेत. एक म्हणतात, मस्त हिरो, गुन्हेगार दिसला की जागेवरच निकाल! दुसरे म्हणतात, अरे, ही तर टिंगल आहे. तुम्ही वाचलं असेल तर तुमचंही यातलंच काहीतरी झालं असणार.

जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्केरा यांनी १९७७ मध्ये '२००० एडी' या ब्रिटिश साप्ताहिकात हा पोलिस-कम-न्यायाधीश आणला. टिंगल आहेच. पण पहिल्या गटाला भोळं ठरवणं मला पटत नाही. ड्रेड दिसतोच इतका दमदार की व्यंग तिथेच निसटतं. 'सिंघम'ला शिट्ट्या मारणारे आपण, आणि 'इकडे बघ किती शिस्त, आपल्याकडे असाच एक हवा' असं घरी फोनवर सांगणारेही आपणच.

म्हणून सुरुवात १९९० च्या 'अमेरिका'पासून करा. वॅग्नरची कथा, कॉलिन मॅकनीलची चित्रं. प्वेर्तो रिकोहून आलेले आईबाप मोठ्या आशेने मुलीचं नाव अमेरिका ठेवतात. ती लोकशाही मागते आणि शेवटी जजेसच्या गोळ्या खाते.

ती वाचून पहिल्या गटातला एक जण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ड्रेड चुकला कुठे? कायदा तर तोच होता ना."