तिन्यानेल्लो: तुरट चवीचं घराणं

फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी घराण्याच्या वाइनचा विषय निघाला, की पहिल्यांदा १३८५ हे साल कानावर येतं. त्या वर्षी या घराण्याचा एक पूर्वज शहरातल्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला. तेव्हापासून सव्वीस पिढ्या हाच व्यवसाय. म्हणजे शिवजन्माच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीची परंपरा! एवढं ऐकून माणूस दबतो आणि पेल्यात काय आहे ते नीट न पारखताच ‘वा!’ म्हणतो. त्यांच्या ‘तिन्यानेल्लो’ या रेड वाइनला अशा दबलेल्या कौतुकाची गरज नाही.

ती जन्मली तीच मुळी वहिवाट मोडून. कियांती क्लासिकोच्या त्या वेळच्या नियमांनुसार रेड वाइनमध्येही थोडी पांढरी द्राक्षं मिसळावी लागत. पिएरो अंतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी ही सक्ती झुगारली. १९७१च्या वाइनवर त्यांनी ‘कियांती’ हे मानाचं नाव लावलं नाही, साधी ‘टेबल वाइन’ हा शिक्का पत्करला. १९७५ पासून पांढरी द्राक्षं पार वगळली. सांजोव्हेजे या तिथल्या द्राक्षाला फ्रेंच काबेर्नेची जोड दिली आणि वाइन लहान ओक पिंपांत मुरवली. पुढे नियमच बदलले. २००६ पासून कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना मज्जाव आहे.

आपल्याला हे नवं नाही. किशोरीताई आमोणकर मोगूबाईंकडून जयपूर-अत्रौली गायकी शिकल्या आणि मग तिच्या चौकटीबाहेरही गेल्या. घराणं त्यामुळे बुडालं नाही. अंतिनोरींचं अध्यक्षपदही आज पिएरोंच्या थोरल्या मुलीकडे, अल्बिएरांकडे आहे.

आता चव. वाइनवरच्या लेखांत चेरी, चामडं, तंबाखू असे शब्द भेटतात. षड्रसांच्या जेवणावर वाढलेल्या आपल्या जिभेला ते उसने घ्यायची गरज नाही. २०१९ची बाटली उघडली तेव्हा आधी ओकचाच व्हॅनिलासारखा वास पुढे आला. तासाभराने तो मागे सरला आणि पिकलेल्या करवंदांचा वास आला. पहिल्या घोटाला कोकमासारखा स्वच्छ आंबटपणा, आणि त्यामागून तुरटपणा. जांभळं खाल्ल्यावर जीभ जाड होते, तशी इथे होत नाही. तुरटपणा हिरड्यांवर मऊपणे रेंगाळतो आणि पुढच्या घोटाला बोलावतो. आंबट आणि तुरट यांचा हा तोल हेच या वाइनचं मोठेपण.

दोष? तरुणपणी ओक जरा जास्त बोलतो. झणझणीत रश्श्याबरोबर तर ही वाइन नकोच, तिखटाने तुरटपणा कडवट होतो. बेताच्या तिखटाचं सुकं मटण उत्तम. आणि किंमत! आपल्या स्टेट कॉलेजमध्ये अशी वाइन घ्यायची तर राज्य सरकारच्याच दुकानात जायचं, आणि तिथे शंभराच्या वर डॉलर मोजायचे. चौघांनी मिळून एक बाटली आणावी, आणि निदान तासभर आधी उघडावी.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’मध्येही सांजोव्हेजे आणि काबेर्नेचीच जोडी असते. ती घडवली टस्कनीच्याच पिएरो मासी यांनी. पुढच्या भारतवारीत तीही याच शब्दांनी पारखून पाहा. तिथे कुणी १३८५ सांगणार नाही. तुरटपणा मऊ आहे का, एवढंच जिभेला विचारायचं.