वाहनांची वंशावळ आणि आत्मचरित्र

आयुष्याचा वृत्तांत कालक्रमाने सांगावा की प्रसंगक्रमाने, हा आत्मचरित्रकारांपुढील जुना प्रश्न होय. अलीकडे त्यास एक तिसरे उत्तर मिळू लागले आहे, ते म्हणजे वाहनक्रमाने. प्रथम वडिलांची सायकल, मग नंबर लावून मिळालेली स्कूटर, नंतर कोणाकडून तरी घेतलेली जुनी पद्मिनी, पुढे कोरी मारुती आणि अखेरीस परदेशी बनावटीची मोठी गाडी. प्रत्येक वाहनाबरोबर आयुष्याचे एक पर्व उघडते आणि ते विकले की मिटते. या लेखनप्रकारास आम्ही सोयीसाठी ‘वाहनचरित्र’ असे म्हणू. तो वाचकांस प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याची पारख व्हावयास हवी.

प्रथम गुण पाहू. मनुष्याची स्मृती आळशी असते. तिला टेकावयास काही तरी घन वस्तू लागते. मुलाचा पहिला ताप कोणत्या वर्षी आला हे बापास आठवत नाही. पण त्या रात्री स्कूटर एका अंगास कलती करून किती लाथा मारल्यावर ती सुरू झाली, हे त्यास नेमके आठवते. वाहनाबरोबर इतिहासही आपोआप येतो. चेतक १९७२ साली निघाली; तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि या एका गोष्टीत परवान्यांच्या राज्याचे सारे अर्थशास्त्र साठवलेले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, तीच पुढे पद्मिनी झाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या आशाआकांक्षांचा एवढा सुबक आलेख अन्य वस्तूंतून क्वचितच सापडेल.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रकार मनोरंजक आहे. राणा प्रतापाचा घोडा आणि ब्रह्मचारी अंजनीसुत या दोघांसही मराठी माणसाने बेधडक स्त्रीलिंगी करून टाकले. ‘चेतक सुरू झाली’, ‘मारुती दारात आली’ असे म्हणताना कोणास काही खटकले नाही. घरात येणारी गाडी ही लक्ष्मीच. तिला हळदकुंकू वाहावयाचे आणि चाकाखाली लिंबू ठेवावयाचे, मग तिचे नाव देवाचे असो की घोड्याचे.

आता दोष. वाहनचरित्राची रचना जिन्यासारखी असते. लहान गाडीकडून मोठ्या गाडीकडे जाणे हेच आयुष्याचे सार, असा अर्थ लेखकाने न लिहिताही लेखातून निघतो. ज्या वर्षी गाडी घेतली ते वर्ष लेखात येते. ज्या वर्षी गाडी विकून बहिणीचे लग्न केले ते वर्ष गळते. स्कूटरच्या पुढे उभा राहिलेला मुलगा आठवतो. मागे तान्हे मूल मांडीवर घेऊन तिरकी बसलेली आणि पहिल्या हप्त्यासाठी बांगडी गहाण ठेवलेली स्त्री मात्र एका वाक्यात आटोपली जाते. मालकी हेच सूत्र धरले की ज्यांच्या नावावर काही नव्हते ते सारे कथेबाहेर पडतात.

या दोषाची परीक्षा घेण्यास आमच्या छत्रपती संभाजीनगराइतके योग्य स्थळ नाही. येथे १९०० साली रेल्वे आली, तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने बसगाड्या काढल्या. पुढे १९४८, १९५६ आणि १९६० या तीन साली मराठवाड्याचे शासन पालटले. या साऱ्या काळात येथील बहुतेक कुटुंबांच्या दारी टांगासुद्धा नव्हता. त्यांनी वाहनचरित्र लिहिलेच, तर ते मालकीचे न होता वाट पाहण्याचे होईल. फलाटावरील, थांब्यावरील, कोणाच्या तरी बैलगाडीच्या आशेने रस्त्याच्या कडेस काढलेल्या तासांचे होईल.

मग १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि २००१ साली शेंद्र्यास स्कोडाच्या गाड्यांची जोडणी होऊ लागली. वाहन घेणारे गाव वाहन घडविणारे गाव झाले. ज्याने उभ्या आयुष्यात हजारो रिक्षांची जुळणी केली आणि स्वतः एकच दुचाकी बाळगली, त्या कामगाराचे वाहनचरित्र कसे लिहावयाचे? प्रचलित साच्यात त्यास अर्धे पान पुरेल. वस्तुतः त्याच्या अनुभवावर ग्रंथ व्हावयास हवा.

ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीझ एकाच वेळी घेतल्या. तिचे देशभर कौतुक झाले, आणि मागास म्हणून हिणविल्या गेलेल्या प्रदेशास तिचा अभिमान वाटला यात गैर काही नाही. परंतु एप्रिल २०१६ मध्ये याच मराठवाड्यातील लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती गाडी कोणाच्याच मालकीच्या यादीत बसत नाही. तरी हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या लातूरकराच्या आयुष्यात तिच्याहून महत्त्वाचे वाहन कोणते? जो साहित्यप्रकार पहिल्या वार्तेस जागा देतो आणि दुसरीस देऊ शकत नाही, तो अपुरा आहे असे आम्हांस वाटते.

यास उपाय आपल्याच वाङ्मयात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाले; त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. भटजींपाशी स्वतःचे म्हणावे असे वाहन नव्हते. मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि शेवटी आईबापांसाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन ते परत आले. तरीही ते पुस्तक वाचताना रस्ता, धूळ, भय आणि सोबती डोळ्यांपुढे उभे राहतात. कारण भटजी काय घेतले यापेक्षा कोठे गेलो, कोण भेटले आणि काय वाहून आणले हे सांगतात. चांगले वाहनचरित्र कावडीच्या या न्यायाने लिहिले जावे.

तात्पर्य, हा प्रकार टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे बदलले, तरी गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमएच २०’ तसेच राहिले. आठवणी जपण्याचे असे सामर्थ्य वाहनांत खास आहे. मात्र लेखकाने प्रत्येक गाडीस तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या पैशाने आली? तीत कोण बसले आणि कोणास बसावयास मिळाले नाही? ती गेली तेव्हा घरात काय घडत होते? आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी गाडीशेजारी काढलेले जुने छायाचित्र असेल. ते पुढे ठेवून लिहावयास बसण्यापूर्वी त्याच गाडीची हकीकत पत्नीस, धाकट्या भावास, गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीसही विचारावी. प्रत्येकाची हकीकत निराळी निघेल, आणि त्या साऱ्या लेखात आल्या म्हणजे मालकाचे चरित्रही अधिक खरे होईल.