खरे बोलणे कोणापुढे? : गाडगेबाबांच्या कीर्तनाची फेरतपासणी

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. मुंबई-अहमदाबाद रस्त्याला लागून असलेल्या या गावात वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा जमातींचे लोक पोराबाळांसह येतात. नवस फेडतात, सुकी मासळी घेतात. मागच्या यात्रेत मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. वर्गात गाडगेबाबा शिकवून झाले होते. गर्दीकडे पाहत एका वारली विद्यार्थ्याने विचारले, "सर, बाबा इथे आले असते तर आमच्या माणसांना कर्ज काढू नका म्हणाले असते. पण सावकाराला काय म्हणाले असते?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

आपल्या प्रस्थापित समीक्षेने बाबांच्या कीर्तनाला वाङ्मय मानलेच नाही. परीट जातीत 1876 साली शेणगावी जन्मलेला, अक्षर न शिकलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा तिच्या लेखी वंदनाचा विषय आहे, अभ्यासाचा नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात समाजसुधारक बाबा दिसतात. नंतर मात्र चिंध्या, खापर आणि झाडू एवढेच चित्र उरले. वंदन केले की ऐकण्याची जबाबदारी संपते, ही आपल्या संस्कृतीची जुनी सोय आहे.

प्रत्यक्षात कीर्तनाची रचना तपासण्यासारखी आहे. बाबा सिद्धान्त सांगत नाहीत, प्रश्न विचारतात. देव कोठे राहतो, त्याला आंघोळ कोण घालतो, कुत्रे नैवेद्य खाताना त्याला हाकलतो कोण? उत्तर श्रोत्यांनीच द्यायचे. जाती किती, असे विचारत विचारत ते श्रोत्यांना बाई आणि पुरुष या दोनच जातींपर्यंत आणून सोडतात. सत्य वक्त्याच्या मुखातून येत नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडून वदवून घेतले जाते. ते वऱ्हाडी बोलीत येते, म्हणून पंडिताच्या मध्यस्थीची गरज उरत नाही. परंपरेतील कीर्तनकार वर आणि श्रोता खाली ही उतरंड येथे मोडते.

या प्रश्नांना वजन येते ते जगण्यामुळे. 1905 साली घर सोडलेला हा माणूस आधी गाव झाडतो आणि रात्री बोलतो. पाया पडू देत नाही. आपण कोणाचे गुरू नाही, आपल्याला कोणी शिष्य नाही, असे बजावतो. धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः त्यांत मालक म्हणून राहिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बोलणे आणि जगणे यांत फट नसेल तरच खरे बोलण्याचा अधिकार मिळतो, हे त्यांनी न सांगता दाखवले.

तरीही विद्यार्थ्याचा प्रश्न शिल्लक राहतो. दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेल्या डेबूजीने सावकार शेत कसे गिळतो हे डोळ्यांनी पाहिले होते, त्याला विरोधही केला होता. पण कीर्तनात हिशेब मागितला जातो तो प्रामुख्याने कर्ज घेणाऱ्याकडे. दारू सोडा, ऋण काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला. उपदेश खोटा नाही. परंतु डहाणू-तलासरीत वारल्याचे कर्ज व्यसनातून आलेले नव्हते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे लग्नगडी होत आणि जन्मभर राबत. जमीन गेलेली, वेठ ठरलेली. अशा माणसाला काटकसर सांगणे म्हणजे बांधलेल्याला जपून चाल म्हणणे होय.

या प्रदेशात दुसरे सत्य 1945 साली बोलले गेले. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला येथून वारली गेले. मे महिन्यात झरी गावी परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे सांगितले गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या 1970 सालच्या पुस्तकात लिहिली. बाबांचे कीर्तन आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचले पाहिजे. एकात माणूस स्वतःशी खरे बोलायला शिकतो, दुसऱ्यात मालकाच्या तोंडावर. पहिल्यावाचून दुसरे टिकत नाही. दुसऱ्यावाचून पहिले गरिबालाच दोषी ठरवून थांबते. बाबांनी या दोहोंमधला दुवा ओळखला होता, तो म्हणजे शिक्षण. अंगठा उठवणाऱ्याला फसवता येते, वाचणाऱ्याला तितके सोपे नसते. येथे ते जोतीरावांच्या आणि बाबासाहेबांच्या वाटेवर आहेत.

शासनाने 2000 सालानंतर बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान चालवले. गावे झाडली गेली, बक्षिसे वाटली गेली. झाडू घेतला आणि प्रश्न ठेवून दिला. गाव स्वच्छ आहे, पण वेशीबाहेर कोण राहतो, हे अभियानात कोण विचारणार?

दुसऱ्यांवर टीका करून मी सुटू शकत नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारले, तेव्हा मी गावाचे नाव सांगितले. त्याने मनाशी काही जुळवले आणि किल्ली दिली. दोन वर्षे मी त्या खोलीत राहिलो आणि रोज वर्गात सत्यशोधक समाज शिकवला. गाडगेबाबा वाचताना मला ती किल्ली आठवते. माझ्या खोट्यामागे व्यवस्था होती हे खरे. पण ते माझ्या तोंडून निघाले हेही खरे.

आता त्या विद्यार्थ्याला मी उत्तर देतो : बाबा सावकाराला काय म्हणाले असते हे विचारत बसू नकोस. ते 20 डिसेंबर 1956 रोजी गेले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी. प्रश्न विचारण्याची रीत ते ठेवून गेले आहेत. सावकाराला आता तू विचार. मी आधी माझे आडनाव सांगतो.