खारवलेले अंडे आणि पाकवाङ्मयाची समीक्षा

पाकविषयक लेखनाला आपण वाङ्मय मानीत नाही. ते उपयुक्त लेखन आहे, एवढे म्हणून आपली समीक्षा त्याची बोळवण करते. ही भूमिका कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच पदार्थ आणि त्यावरील तीन चिनी लेखने विचारात घेतली आहेत. हा पदार्थ म्हणजे चिनी घरांत नित्य खाल्ले जाणारे बदकाचे खारवलेले अंडे होय. विषय दूरचा वाटला, तरी ज्या बुलढाणा जिल्ह्यात एका गावाचे नावच लवणाशी जोडले जाते, तेथील वाचकाला तो सर्वस्वी परका वाटू नये.

प्रथम पदार्थाचे स्वरूप पाहू. बदकाची कच्ची अंडी मिठाच्या पाण्यात ठेवतात, किंवा त्यांवर मीठ मिसळलेल्या मातीचा अथवा राखेचा लेप देतात, आणि ती सुमारे महिनाभर मुरू देतात. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून मीठ आत शिरते. पांढरा भाग खारट होतो, पण पातळच राहतो. बलकातील पाणी मात्र बाहेर पडून तो घट्ट होतो व त्यातील तेल सुटू लागते. उकडल्यावर बलक तांबूस, रवाळ आणि तेलकट लागतो. असे अंडे तांदळाच्या पेजेबरोबर तोंडी लावण्यास घेतात. खिम्यावर ठेवून ते वाफवतात. बलक कुस्करून तेलात फेसाळेपर्यंत परततात आणि त्यात भोपळा किंवा कोळंबी घोळवतात. म्हणजे हे अंडे एकाच वेळी तोंडीलावणेही आहे आणि मसालाही.

ह्या पदार्थाचा एक जुना लेखी उल्लेख सहाव्या शतकातील ज्या सश्ये ह्याच्या 'छीमिन याओशू' ह्या कृषिग्रंथात आढळतो. एका झाडाची साल उकळून तिच्या काढ्यात मीठ घालावे, तो निवू द्यावा, त्यात बदकाची अंडी बुडवून ठेवावीत आणि महिन्याने खाण्यास घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. येथे कृती पूर्ण आहे, परंतु खाणारा कोठेच नाही.

युआन मेई ह्या कवीने 1792 साली प्रसिद्ध केलेल्या 'सुइयुआन शीदान' ह्या ग्रंथातील नोंद नेमकी ह्याच्या उलट आहे. अंडी कशी खारवावीत ह्याबद्दल तो एक शब्दही लिहीत नाही. गाओयौ येथील अंडी उत्तम, कारण त्यांचा बलक लाल व तेलाने भरलेला असतो, हा त्याचा पहिला निर्णय. अंडे कवचासह कापून पाहुण्यापुढे ठेवावे, केवळ बलक ठेवून पांढरा भाग टाकू नये, कारण त्यामुळे चव अपुरी राहते व तेलही निघून जाते, हा दुसरा. चार-दोन ओळींच्या ह्या नोंदीत मत आहे आणि मताचे कारणही आहे. पांढऱ्या भागाचा खारटपणा आणि बलकाचा स्निग्धपणा एकमेकांवाचून अपुरे आहेत, हे त्यात अभिप्रेत आहे. भागांचे मोल संपूर्णातच ठरते, असा हा विचार आहे. आणि तो कवितेच्या समीक्षकाचाच विचार आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरे लेखन म्हणजे गाओयौ येथेच 1920 साली जन्मलेल्या वांग झेंगछी ह्या कथाकाराचा, पाचव्या चिनी महिन्याच्या पंचमीच्या सणावरील 1981 सालचा ललित निबंध. युआन मेईच्या पाककृती बहुतांशी ऐकीव आहेत, असा वांगचा आक्षेप आहे. तरीही आपल्या गावच्या अंड्यांविषयीची नोंद वाचून त्याला आपलेपणा वाटतो. मात्र अंडे कापून मांडणे ही पाहुण्यांपुढची रीत झाली. घरात अंड्याचे पोकळ टोक फोडून काड्यांनी आतले कोरून खातात, असे तो सांगतो. सणाच्या दिवशी मुले दोऱ्याच्या जाळीत अंडे घालून छातीवर मिरवतात आणि रिकाम्या कवचात काजवे सोडतात, हेही तो नोंदवतो. युआन मेईचे अंडे मेजवानीच्या ताटात आहे, वांगचे मुलाच्या हातात. एका निर्णयाला दुसऱ्या अनुभवाने घातलेली ही मर्यादा वाङ्मयीन दृष्ट्या फार मोलाची आहे. तथापि दोघांच्याही लेखनात एक उणीव समान आहे. महिनाभर अंडी मुरवणारे हात त्यांत दिसत नाहीत.

ही कसोटी आता आपल्याकडे लावून पाहू. लीळाचरित्रामुळे लोणार मराठीच्या अभ्यासकाला परिचित आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त येथील सरोवराची नोंद केली, ती काच व साबण ह्यांना लागणारी द्रव्ये आणि सोऱ्याचे उत्पन्न ह्यांसाठी. ब्रिटिश अमदानीत लोणारच्या खाराची डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारी नोंदली गेली. दोन्ही नोंदींत खार आहे तो महसुलाच्या व व्यापाराच्या अंगाने. स्वयंपाकघराचा विचार त्यांत नाही. उडदाचा पापड मात्र मीठ आणि पापडखार ह्यांवरच उभा असतो. खारामुळे पीठ लवचिक होते, पापड भाजताना फुलतो. खार अधिक झाला तर रंग पिवळट पडतो व चव साबणासारखी लागते. मिठाने अंडे टिकते, तसा मीठ, खार व ऊन ह्यांच्या योगाने पापड वर्षभर टिकतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणीच खारे असते. तेथे मिठाचा अंदाज अर्थातच निराळा बांधावा लागतो.

लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांच्या 'गृहिणी-मित्र'पासून (1910) कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा'पर्यंत (1970) मराठी पाकग्रंथांनी कृती चोख सांगितली. वाटी-चमच्यांच्या मापांनी ती कोणत्याही गावच्या गृहिणीच्या हाती दिली, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु माप सर्वत्र सारखे झाले की पाणी व खार ह्यांतील स्थानिक भेद ग्रंथाबाहेर राहतो. 'चवीपुरते मीठ' ह्या शब्दप्रयोगात तो भेद गृहीत धरलेला असतो, सांगितलेला नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, हे काम लोकजीवनाच्या संशोधकाचे आहे, समीक्षकाचे नव्हे. सामग्री गोळा करण्यापुरते ते खरे आहे. पण कोणती नोंद केवळ कृती सांगते, कोणती कारणासह निर्णय देते आणि कोणती त्या निर्णयाला प्रश्न विचारते, हा विवेक समीक्षेचाच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या घरातील वाळवणाची कृती सांगणारीच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. पीठ 'झाले' हे ती कशावरून ओळखते, तेही तिला विचारावे. त्या एका उत्तरात युआन मेईचा निर्णय सापडेल, आणि त्याच्या नोंदीत नसलेले हातही.